रत्नदीपचा लांबट बॉल आणि माझी मिसळ

रत्नदीप मेश्रामची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण मीच उकरून काढलं होतं.

पासिर रिसला एका शाळेचं मैदान आमचा कट्टा दर रविवारी संध्याकाळी भाड्याने घेतो. कट्टा म्हणजे सिंगापूरच्या पूर्वेकडे राहणाऱ्या मराठी मंडळींचा क्रीडा गट, आणि क्रीडा म्हणजे फुटबॉल. पुरुषांनी खेळायचं, बायकांनी कडेला चटई टाकून बसायचं, मुलांनी धिंगाणा घालायचा आणि मध्यंतराला माझी कोल्हापुरी मिसळ, असा आमचा शिरस्ता. माझा नवरा यशोधन फुटबॉलचा कॅप्टन. सगळं कसं छान चाललेलं. आणि त्या रविवारी बघते तर मैदानाच्या कोपऱ्यात एक काटकुळा, चष्म्याला मागून नाडी बांधलेला तरुण चार-पाच जणांना घेऊन एक लांबट बॉल काखेत मारून पळतोय.

"अहो, बॉल पायाने खेळायचा असतो!" मी चटईवरूनच ओरडले.

तो थांबला. जवळ आला. हसून म्हणाला, "ताई, हा पण फुटबॉलच आहे. रग्बी फुटबॉल. पूर्ण नाव तेच आहे त्याचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कोल्हापूरची. आमच्याकडे पेठापेठांच्या तालमींच्या टीम असतात, मोठा सामना असला की स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि आपली टीम हरली की घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. आबा मला खांद्यावर बसवून सामन्यांना न्यायचे. रेफ्रीला काय काय म्हणायचं ते मी पाढ्यांच्या आधी शिकले. गल्लीत भाऊ खेळायचे तेव्हा मी गोलामागे उभी असायचे. बॉल गटारात गेला की काढायचा, नळाखाली धुवायचा आणि त्यांना आणून द्यायचा, एवढं माझं काम. खेळायला मिळालं नाही कधी. शाळेत मुलींना कबड्डी होती, तिथे मात्र मी चढाई करायचे आणि हात लावल्याशिवाय परत यायचे नाही. पण कबड्डी ती कबड्डी. जीव फुटबॉलमध्येच अडकलेला. आणि हा मुलगा मला सांगणार फुटबॉल कशाला म्हणतात!

"मग क्रिकेटला पण फुटबॉल म्हणा," मी म्हटलं. "पाय तर तिथे पण असतात."

तो पुन्हा हसला. या माणसाचा हाच मोठा दोष. त्याच्याशी भांडायला गेलं की तो हसतो, आणि आपल्याला एकट्यानेच भांडावं लागतं.

हळूहळू त्याची माहिती मिळत गेली. सरळ विचारण्याइतकी मी तेव्हा मोठ्या मनाची नव्हते, आमच्या श्रियाने काढून आणली. श्रिया माझी लेक, तेरा वर्षांची, मी मराठीत विचारते आणि ती तिच्या त्या सिंगापुरी इंग्लिशमध्ये उत्तर देते. रत्नदीप नागपूरचा. वडील शिवदास मेश्राम वस्तीतल्या मैदानावर पोरांना कबड्डी शिकवायचे, जयंतीच्या दिवसांत सामने भरवायचे. इथे तो पीएचडीसाठी आला आणि मग राहिला. आता पाणी गाळायच्या पडद्यांवर संशोधन करतो. ऑफिस जुरोंग ईस्टला, खोली पासिर रिसला. ज्यांना सिंगापूर ठाऊक नाही त्यांना सांगते, ही दोन ठिकाणं बेटाच्या दोन टोकांना आहेत. रोज सकाळी हा माणूस एका टोकाला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसतो आणि जवळजवळ दुसऱ्या टोकाला उतरतो. का, तर मैदान पासिर रिसला आहे. ऑफिसजवळ राहणारी माणसं मी पाहिली होती, बायकोच्या माहेराजवळ राहणारी पाहिली होती, पण मैदानाजवळ राहणारा हा एकटाच.

गाडीत बॉल मांडीवर घेऊन बसायचा. एकदा शेजारच्या आजोबांनी तो दाबून पाहिला आणि म्हणाले, "पपाया आह?" हे तोच सगळ्यांना रंगवून सांगायचा, आणि ऐकणाऱ्याला म्हणायचा, "रविवारी या, पपई खेळू."

लोक जायला लागले, खरी गोम ती होती.

त्याचा खेळ म्हणजे टच रग्बी. पाडापाडी नाही, धक्काबुक्की नाही. बॉल हातात घेऊन पळायचं, पास फक्त मागे द्यायचा, समोरच्याने नुसता हात लावला की थांबायचं आणि बॉल खाली ठेवून पुन्हा सुरू करायचं. सहा वेळा हात लागला की बॉल दुसऱ्यांचा. पलीकडच्या रेषेपार जाऊन बॉल जमिनीवर टेकवला की गुण. एका बाजूला सहा जण, आणि त्यांतल्या तीन बायका असल्याच पाहिजेत. नसतील तर सामनाच नाही.

या शेवटच्या नियमाने आमचं घर फोडलं. आधी निहारिका गेली. ती विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करणारी मुलगी, नवीनच आलेली, कुणाशी फारशी बोलत नसे. मग चटईवरच्या दोघी-तिघी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणत उठल्या आणि परत चटईवर आल्याच नाहीत. आणि मग एका रविवारी श्रिया गेली.

"अगं, तू फुटबॉलवाल्याची मुलगी!" मी म्हटलं.

"मम्मी, पप्पा ओन्ली लेट मी फेच द बॉल, लाह. रत्नदीपदादा लेट्स मी प्ले."

 मिसळीसाठी कांदा कापत होते, तो जरा जोरात कापला.

यशोधनने मात्र चंग बांधला. यशोधन पुण्याचा, त्याचा फुटबॉल टीव्हीवरचा, पण प्रेम खरं. त्याने नवीन जर्सी आणल्या, स्पीकर आणला, ग्रुपवर रोज गोलांचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. रत्नदीप एकच ओळ टाकायचा, "रविवारी दोन जण कमी आहेत, कुणी येतंय का?" आणि चार जण यायचे. यशोधन चिडायचा. नॅशनल स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्याला किती लोक आणि सात-सात जणांच्या रग्बीला, म्हणजे सेव्हन्सला, किती, यावरून त्यांची जुंपायची.

"सेव्हन्सला लोक केळ्याचा वेश करून येतात," यशोधन म्हणायचा. "ते काय खेळ बघायला येतात? पार्टीला येतात!"

"दादा, गर्दी कशासाठी का येईना," रत्नदीप म्हणायचा. "एकदा आली की खेळ बघतेच."

पुढे पुढे मैदान पुरेना. आमचा बॉल त्यांच्यात जायचा, त्यांचा बॉल आमच्या गोलात यायचा, आणि तो लांबट असल्याने कुठे उसळेल याचा भरवसा नाही. एकदा तो थेट माझ्या शेवेच्या डब्यात उसळला, त्यावरून मी जो तोंडाचा पट्टा सोडला तो पलीकडच्या ब्लॉकमधल्या लोकांनीही ऐकला असेल. शेवटी कट्ट्याचे अध्यक्ष ज्ञानेश्वरकाका वैतागले. निवृत्त माणूस, मुलाकडे येऊन राहिलेले, सगळ्यांचे काका.

"अर्ध्या मैदानात दोन्हींचा बोजवारा उडतोय," ते म्हणाले. "नवीन वर्षाचं बुकिंग एकाच खेळासाठी करायचं. एक सामना ठेवा. तीच माणसं, पहिला हाफ फुटबॉल, दुसरा रग्बी. ज्या हाफला जास्त मंडळी रेषेवर उभी राहतील, त्याला मैदान. गोल कुणाचे किती, याच्याशी मला कर्तव्य नाही. मी पायऱ्यांवर उभा राहून शिट्टी वाजवणार, डोळ्यांनी बघणार आणि सांगणार."

रत्नदीपचा चेहरा उतरला. तसा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. फुटबॉलवाल्यांना काय, ते कुठेही खेळले असते, बिल्डिंगखालीही खेळले असते. याच्याकडे दुसरं मैदान नव्हतं आणि माणसंही अशी, की एकदा पांगली की पुन्हा गोळा होणं कठीण. विद्यार्थी, नव्या नोकरीवाले, एकेकटे राहणारे.

त्या दिवशी मला राहवलं नाही. सामान आवरताना मी विचारलंच, "इतकं काय आहे रे त्या खेळात?"

"ताई, मी इथे आलो त्या पहिल्या वर्षी मी परत जाणार होतो," तो म्हणाला. "बॅग भरायला घेतली होती. लॅब, खोली, लॅब, खोली. माणसाशी बोलणंच नाही. एकदा कॅम्पसवरच्या मैदानाजवळून चाललो होतो, तर आतून एक जण ओरडला, 'हे ब्रो, वन शॉर्ट. कॅन?' एक माणूस कमी होता त्यांना, येतोस का विचारत होता. मला खेळ माहीतच नव्हता. समोरून एक जण बॉल घेऊन आला, मी कबड्डीतल्यासारखा त्याला हात लावला आणि जीव घेऊन आपल्या हद्दीत मागे पळालो. ते सगळे म्हणाले, अरे, याला तर येतं! कारण नियमच तो आहे. हात लावायचा आणि मागे सरायचं. बाबांनी शिकवलेलं नागपूरला, उपयोगी पडलं इथे." तो बॉल पुसत होता. "टीम नसती तर मी टिकलो नसतो, ताई. निहारिका पण तिकीट बघत होती मागच्या महिन्यात. आता बघत नाही."

मला त्याचं पटलं. पण मी फुटबॉलवाली. मी पातेलं उचललं आणि चालू लागले.

घरी यशोधनने बेत सांगितला. "पहिला हाफ आपला. मग मध्यंतर. तेव्हा तुझी मिसळ काढायची, पण मैदानाशेजारी नाही. शाळेच्या कॅन्टीनमध्ये. तिथून मैदान दिसत नाही."

मला क्षणभर कळेना, मग कळलं आणि मी हसतच सुटले. मराठी माणसांची गर्दी कुठे जाते हे यशोधनने अचूक ओळखलं होतं. गरम कट, वर शेव, बाजूला स्लाइस ब्रेड, आणि समोर मी, विनीता, "अजून घ्या, अजून घ्या" करतेय. कोण मरायला रग्बी बघायला जाणार?

"जबरदस्त!" मी म्हटलं. आणि दुप्पट मटकी भिजत घातली.

सामन्याच्या दिवशी ऊन असं, की मैदानावर उभं राहिलं तरी तळून निघावं. आभाळात एका बाजूला काळं होतं, पण वीज पडायचा धोका सांगणारा शाळेचा भोंगा वाजला नव्हता. अख्खा कट्टा लोटला. मरीन परेडहून, टॅम्पिनिसहून, कुणी तर पश्चिमेकडून पाहुणे घेऊन आलेलं. यशोधनच्या टीममध्येही नियमाप्रमाणे तीन बायका उतरवल्या होत्या. मी नव्हते. मला मिसळ होती.

फुटबॉलचा हाफ म्हणजे नुसता धुमाकूळ. रत्नदीप गोलकीपर होता. पहिला बॉल त्याने सुरेख पकडला, आणि पकडला तो काखेत मारून थेट समोरच्या गोलाकडे पळत सुटला! सगळं मैदान हसून लोळायचं बाकी. काकांची शिट्टी, फ्री किक, गोल. मग गोलांची रांगच लागली. मी कॅन्टीनमधून पळत यायचे, गोल बघायचे, "घाल की रं आनि एक!" असं ओरडायचे आणि कट ढवळायला परत पळायचे. रेषेवर माणसांची दाटी. काका पायऱ्यांवरून मान डोलावत होते. माझा ऊर भरून आला होता. कोल्हापूर, अगदी कोल्हापूर!

हाफ संपता संपता निहारिका बॉलमागे धावताना स्वतःच्याच पायात अडखळली आणि बसली. घोटा सुजला.

शिट्टी झाली आणि मंडळी कॅन्टीनमध्ये शिरली. मी पळी घेऊन सज्जच होते. दहा हात एकदम पुढे. "वहिनी, तर्री जास्त." "ताई, मला शेव नको." मी वाढतेय, यशोधन घाम पुसत, मिशीत हसत, प्लेट घेऊन उभा आहे. बेत फत्ते. बाहेर मैदानावर चिटपाखरू नसणार हे मला न बघताच कळत होतं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत रत्नदीप आला. चष्मा घामाने धूसर, गुडघे हिरवे.

"प्लेट घे," मी म्हटलं.

त्याने प्लेट घेतली नाही. "ताई, एक बाई कमी आहे."

"मग?"

"निहारिकाला उभं राहता येत नाहीये. श्रिया आणि आणखी एकच उरल्यात. तीन नसतील तर हाफच होणार नाही. काका म्हणतात, मग मैदान फुटबॉलला. मी सगळ्यांना विचारून आलो. कुणी साडीत आहे, कुणाच्या कडेवर बाळ आहे." तो थांबला. नेहमीचं हसू नव्हतं. "ताई, कॅन?"

पळी माझ्या हातात तशीच राहिली. खरं सांगायचं तर मी नाहीच म्हणणार होते. मी त्या बाजूची नव्हते. मी नाही म्हटलं की संपलं, वर्षभर फुटबॉल, आबांचा खेळ, माझा खेळ. ओठांवर आलं होतं.

पण आमच्या यशोधनला बोलायची घाई.

"अरे रत्नदीप, सोड ना," तो ब्रेडचा घास घेत म्हणाला. "विनीता काय खेळणार? तिला जिना चढताना दम लागतो."

दोघे-तिघे हसले. वाईट मनाने नाही, आपले सहज हसले. माझं डोकं मात्र तापलं. पंधरा वर्षं या मैदानांच्या कडेला मी पाणी वाहिलं, केळी वाहिली, मिसळ वाहिली, आणि त्याआधी गटारातून बॉल काढले, आणि हा म्हणतो काय खेळणार?

"धर," मी म्हटलं, आणि पळी त्याच्या हातात कोंबली. "जास्त कट मागतील. ढवळून वाढ."

ओढणी कमरेला खोचली, चपला तिथेच काढल्या आणि निहारिकाने काढून ठेवलेले बूट पायात चढवून चालू लागले.  मग श्रियाची किंकाळी, "मम्मी इज प्लेइंग! ओ माय गॉड, मम्मी इज प्लेइंग!"

मैदानात पोचून मागे वळून बघते, तर कॅन्टीनच्या दारातून माणसं बाहेर पडतायत. हातात प्लेटा, तोंडात घास, कट सांडतोय, पण येतायत. मिसळ वाढणारी बाई पळताना कशी दिसते हे बघायला येतायत. आणि शेवटी यशोधनही आला, कारण त्यालाही खेळायचंच होतं. पळी कुठे टाकली कोण जाणे.

शिट्टी झाली. पहिलाच बॉल माझ्याकडे आला आणि मी काय केलं असेल? लाथ मारली. सणसणीत, पेठेत शोभेल अशी. बॉल कुंपणावर जाऊन आदळला, रेषेवर आरोळी उठली, आणि काकांनी बॉल दुसऱ्यांना दिला.

"मम्मी, डोन्ट किक लाह!"

"सवय आहे, सवय!" मी ओरडले.

मग समोरून यशोधन आला. बॉल छातीशी धरून, मला चुकवायला जरा डावीकडे झुकून. त्याला वाटलं मी बाजूला होईन. अहो, मी चढाईपटू! एक पाय पुढे, हात लांब, त्याच्या कमरेला थाप, आणि त्याच उडीत मागे, आपल्या हद्दीकडे. शाळेतल्या मातीचा वास आला मला. "सुंदर, ताई!" रत्नदीप ओरडला. "असंच! लावा आणि मागे!" पुन्हा कुणी आलं, पुन्हा हात, पुन्हा मागे. अंग विसरलं नव्हतं. दम लागत होता, छाती फुटत होती, आणि मला इतका आनंद होत होता की मी खुळ्यासारखी हसत होते. रेषेवरून "विनीताताई! विनीताताई!" सुरू झालं. प्लेटा गवतावर पडल्या होत्या.

आणि रत्नदीप! कोपऱ्यात भेटणारा, हसणारा, "दोन जण कमी आहेत" लिहिणारा तो हा नव्हताच. बोटाने दिशा दाखवत होता, पास घेत होता आणि देत होता, प्रत्येकाला नावाने हाक मारत होता. बॉल त्याच्याकडे आला की टिकायचाच नाही, लगेच दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. एकदा समोर सगळं मोकळं होतं, तो स्वतः पळत जाऊ शकला असता, तरी त्याने शेजारच्या घाबरलेल्या पोरीला पास दिला आणि तिने गुण केला. मला तेव्हा कळलं की लोक याच्याकडे का जातात.

शेवटचं मिनिट. दोन्ही बाजू बरोबरीत. पाच वेळा हात लागून झाला होता, आणखी एक लागला की बॉल गेला. रत्नदीपने बॉल घेतला, दोघे त्याच्यावर धावले, आणि त्याने न बघता मागे फेकला. बरोबर माझ्या पोटात.

"ताई, पळा!"

पळाले. काय पळाले! समोर यशोधन, त्याला हुलकावणी दिली, त्याचा हात हवेत. दम धरला आणि तोंडातून आपोआप सुरू झालं, "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..." मला कळलंही नाही. कळलं ते अख्ख्या रेषेने माझ्या मागोमाग सुरू केलं तेव्हा. बायका, पुरुष, पोरं, काका पायऱ्यांवर, सगळे, "कबड्डी कबड्डी कबड्डी!" पांढरी रेषा आली. रेषेपार पाय टाकला. वाकले, गवताला हात लावला.

आणि वळून परत पळत सुटले.

बॉल काखेत! टेकवलाच नाही! गवताला हात लावून, दम न सोडता, जीव मुठीत घेऊन आपल्या हद्दीकडे! रत्नदीप दोन्ही हात वर करून ओरडत होता, "ताई, खाली! बॉल खाली!" मी त्याच्याच शेजारून सुसाट निघून गेले. यशोधनने मागून येऊन मध्यावर मला हात लावला तेव्हा मी थांबले, आणि लांब शिट्टी झाली. संपलं. गुण नाही. बरोबरीच.

मैदान असं हसलं की माझे डोळे भरून आले. हसून की कशाने, मला नाही सांगता येणार. रत्नदीप गवतावर गुडघ्यांवर बसला होता, चष्मा हातात, आणि तो हसत होता की रडत होता तेही कळेना.

तेवढ्यात काका पायऱ्या उतरून आले. त्यांनी एकदा रेषेकडे बघितलं. चालता न येणारी निहारिका दोघींच्या खांद्यांवर हात टाकून उभी. साडीतल्या, बाळवाल्या, पश्चिमेकडचे पाहुणे, फुटबॉलचे राखीव खेळाडू, सगळे तिथे. मग त्यांनी कॅन्टीनकडे बोट केलं.

"तिकडे कोण आहे?"

कुणीच नव्हतं.

"मग झालं तर. मैदान रग्बीचं."

"काका, हे बरोबर नाही!" यशोधन उसळला. "लोक रग्बी बघायला आलेच नव्हते. माझ्या बायकोला बघायला आले होते!"

"गर्दी कशासाठी का येईना," काका म्हणाले. रत्नदीपचं वाक्य त्यांच्याही कानावर असणार. "शेवटपर्यंत हलली का एक तरी व्यक्ती?"

यशोधनने माझ्याकडे बघितलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आबांच्या खेळाचं मैदान मी माझ्या पायांनी घालवलं होतं.  पण बूट अजून पायातच होते, आणि ते काढावेसे वाटत नव्हते.

रत्नदीप उठून आला. मला वाटलं आभार मानेल. त्याने माझ्या काखेतल्या बॉलकडे बोट केलं.

"ताई, तो टेकवायचा राहिलाय."

"आता? संपला की सामना."

"असू दे. एवढा नेलात पलीकडे. जा, टेकवून या."

मी निघाले. कुणी आडवं आलं नाही, कुणी हात लावला नाही. अख्खा कट्टा बघत होता. रेषेपार गेले, वाकले, आणि दोन्ही हातांनी तो पपईसारखा वेडावाकडा बॉल गवतावर दाबून ठेवला. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला. आयुष्यभर मी बॉल आणून दुसऱ्यांना दिले होते. हा कुणाला द्यायचा नव्हता. मी हात तसेच ठेवून बसून राहिले.

"ताई!" लांबून रत्नदीपची हाक आली. "आता परत पळत येऊ नका! इथे कुणी पकडत नाही तुम्हाला!"

आणि त्याच्या मागून यशोधनचा आवाज, हिरमुसलेला पण हसू न आवरलेला, "विनीता! मिसळ गार झाली गं!"

"गरम कर," मी बसल्या जागेवरून ओरडले, "आणि वाढ सगळ्यांना!"